तणसातला हंडा

माझ्या सहीनं भंडारा जिल्ह्यात जितका प्रवास केला, तितका मी स्वतः कधी केला नाही. ती तळ्याच्या पाळीवर गेली, जंगलात जाऊन चोरीचे सागाचे ओंडके मोजून आली, एकदा तर भर पावसाळ्यात नाला ओलांडून मोहाच्या दारूचं मडकं हुंगून परत आली. मी मात्र हा सगळा काळ आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना लुगडी उलगडून दाखवत होतो.

त्याचं असं की आमचं दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर. पोलिसांनी कुठं झडती घेतली, काही जप्त केलं, की गावातल्या दोन भल्या माणसांनी ते डोळ्यांनी पाहायचं आणि तसं लिहिलेल्या कागदावर सही करायची, असा कायदा. त्या दोघांना पंच म्हणतात आणि कागदाला पंचनामा. आमच्या ठाण्यातल्या जमादाराची रीत जरा उलटी होती. तो कागद आधी लिहून आणायचा आणि पंच मागून शोधायचा. उन्हातान्हात त्याच्याबरोबर पाच-सात कोस सायकल हाणायला कोणी तयार नसे, आणि वरून साहेबाचा तगादा. मग तो रस्ता ओलांडून आमच्याकडं येई, टोपी काढून घाम पुशी आणि म्हणे, "भाऊ, एक सही लागत होती."

आता खरं सांगायचं तर मला हे फार आवडायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. मला वकील व्हायचं होतं, पण वडिलांना गादी सांभाळायला माणूस हवा होता. तेव्हा कायद्याची जी काही सेवा माझ्या हातून व्हायची होती, ती त्या सहीतून होत होती. सहीही मी झोकदार बसवली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागं वळवून नावाच्या खालून न्यायची आणि खाली दोन टिंबं. दुकानातल्या पुठ्ठ्यांवर मी तिचा रियाज करायचो. कागदात काय लिहिलंय हे वाचायचो नाही, कारण वाचायला लागलो तर जमादाराला वाटेल, याचा आपल्यावर विश्वास नाही.

न वाचताही एक गोष्ट मात्र जमादाराच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. जमादाराच्या पंचनाम्यात जप्त झालेला माल नेहमी एकाच ठिकाणी सापडायचा: आरोपीच्या घरामागं, तणसाच्या ढिगात. आमचा मुलूख धानाचा. मळणी झाली की उरलेला पेंढा, म्हणजे तणस, घरामागं रचून ठेवतात, वर्षभर गुरं खातात. त्यामुळं घर म्हटलं की तणस आलंच, आणि चोरी म्हटली की ती तणसात आलीच. मलाही त्यात कधी काही खटकलं नाही.

असाच एक कागद हिवाळ्याच्या तोंडावर आला. मी एका बाईला काठ दाखवत होतो.

"काय सापडलं?" मी सही करता करता विचारलं.

"पितळी हंडा. राइसमिलवाल्या शेठजीकडचा."

"कुठं?"

"शहापूरले. घर तं रोडच्या बाजूलेच हाय, तुमी पायलंच असन."

पाहिलं असेल, असं मला वाटलं. हायवेवरून जाता-येता शहापुरातली बरीच घरं दिसतात. मी शेपटी वळवली, दोन टिंबं दिली आणि काठाची किंमत सांगितली.

सात महिन्यांनी समन्स आलं. याआधी माझी सही कोर्टात गेली होती, मी कधी गेलो नव्हतो. बहुतेक खटले त्याआधीच कसेतरी मिटायचे. मी धोबीघडीचा सदरा घातला. आई अंगणात बसली होती. आदल्या वर्षी तिचा उजवा हात मनगटात मोडला होता, तो धड बसला नव्हता. मला पाहून म्हणाली, "कोर्टात चालला का? वापस येताना एखादा टाकीवाला दिसला तं पाठव. पाटा असा गुळगुळीत झाला आहे का मिरची वाटतच नाही. आपला तो टाकीवाला यंदा आलाच नाही."

टाकीवाला म्हणजे पाट्याला, जात्याला टाकी लावणारा. छिन्नी-हातोडा घेऊन दारोदार फिरायचा आणि गुळगुळीत झालेला दगड बारीक ठोकून पुन्हा खरबरीत करायचा. आमच्याकडं येणारा टाकीवाला मी शाळेत होतो तेव्हापासून येत होता. मी मान हलवली आणि निघालो.

कोर्टाच्या व्हरांड्यात जमादारानं मला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि तेवढ्यात धडा पढवला. "घर कुडाचं. दार उत्तरेकडं. मांगं तणस. आरोपीनं सोता हात घालून हंडा काढून देल्ला. बस, येवढंच." पलीकडं भिंतीला टेकून एक आरोपी उकिडवा बसला होता. त्याच्या हातातली बेडी शिपायाच्या पट्ट्याला अडकवली होती. दाढी वाढलेली, डोक्याचे केस बारीक केलेले. तो माझ्याकडं पाहत होता. मी चहा संपवला. आपल्याकडं टक लावून पाहणाऱ्या आरोपीकडं भल्या माणसानं पाहू नये, अशी माझी समजूत.

आधी शेठजींची साक्ष झाली. त्यांना गुडघेदुखी होती म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची आणली. मग शिपायानं माझा पुकारा केला आणि मी पिंजऱ्यात चढलो. आरोपीचं नाव वाचून दाखवलं. तीन शब्दांचं, रीतसर. त्याच नावाच्या कागदावर मी सही केली होती, आणि ते नाव मला कोणाचंच वाटलं नाही.

माझी साक्ष मात्र झकास झाली. घर कुडाचं, दार उत्तरेकडं, मागं तणस. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण मला थांबता येत नाही हा माझा जुना रोग. समोर मॅजिस्ट्रेट साहेब ऐकताहेत, टायपिस्टची बोटं माझ्या शब्दांवर चालताहेत, हे पाहून मला चेव आला. आरोपीनं आधी डाव्या हातानं तणस बाजूला सारलं, असं मी सांगितलं. हंडा निघाल्यावर त्यानं मान खाली घातली, असंही सांगितलं. हंड्याला तणसाच्या काड्या चिकटल्या होत्या, हे तर मला ऐन वेळी सुचलं. सरकारी वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

आरोपीला वकील नव्हता. सरकारी खर्चानं वकील मागता येतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला पाहिजे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी त्यालाच विचारलं, "या साक्षीदाराला तुला काही विचारायचं आहे? तुझा हक्क आहे तो."

"इचारू का जी?"

"विचार."

तो माझ्याकडं वळला. "भाऊ, मायचा हात बरा झाला का?"

कोर्टात कोणीतरी हसलं. मला त्या आवाजानं ओळख पटली. दाढीतून, बारीक केलेल्या केसांतून टाकीवाला बाहेर आला. आदल्या वर्षी आईचा हात गळ्यात बांधलेला असताना तो आला होता. पाट्याला टाकी लावून झाल्यावर तो उठला नाही. "माय, तुमच्यानं आता वाटनं होनार नाई," म्हणाला, आणि आठवडाभर पुरेल एवढी चटणी त्यानंच वाटून दिली. मी तेव्हा दारात उभा राहून, खोबरं बारीक वाट म्हणून सूचना देत होतो.

"अरे, केसबद्दल विचार," साहेब म्हणाले.

"केसबद्दल काय इचारू जी. भाऊ शिकलेले हायेत. तवा पोलीस आले, मी होतो, माही बायको होती. भाऊ नोते. पन कागदावर तं हायेत."

त्याच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. शिकलेला माणूस कागदावर एका ठिकाणी आणि अंगानं दुसऱ्या ठिकाणी असू शकतो, अशी काहीतरी त्याची समजूत असावी. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी माझी सगळी वक्तृत्वकला कुठं गेली कोण जाणे.

"साहेब, मी गेलो नव्हतो."

"कुठं?"

"कुठंच."

टायपिस्टची बोटं थांबली. मी बसायला पिंजऱ्यात काही आहे का ते पाहिलं. नव्हतं. मग उभ्याउभ्याच सांगितलं की सही दुकानात केली, घर पाहिलं नाही, हंडा पाहिला नाही, काड्या तर मी मनच्याच लावल्या. सरकारी वकील ताडकन उठले. साक्षीदार फितूर झाला म्हणाले, आणि ज्या माझ्या साक्षीवर ते मघाशी खूश होते, तिच्याच मालकाची उलटतपासणी करायला लागले.

"आरोपीच्या माणसांनी तुम्हाला काही दिलं आहे, हे खरं आहे का?"

"खरं आहे."

वकील पुढं सरकले. "काय दिलं?"

"चटणी वाटून दिली, साहेब. मागच्या वर्षी. आईचा हात मोडला होता."

या वेळी सगळेच हसले. साहेब हसले नाहीत. आजवर अशा किती सह्या केल्या ते त्यांनी विचारलं. मोजल्या नाहीत, असं मी म्हणालो, आणि तेही खरंच होतं. साहेब म्हणाले, "तुम्ही तरुण आहात. चांगल्या घरचे दिसता. शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल मी तुमच्यावर खटला भरू शकतो. यावेळी समज देऊन सोडतो." मग त्यांनी आरोपीला वकील देण्याचा हुकूम लिहिला आणि पुढची तारीख दिली. टाकीवाला शिपायामागून तुरुंगात परत गेला. मी घरी जेवायला गेलो.

जेवण काही मिळालं नाही. आमच्या घरच्या कोर्टात आरोपीला बोलू द्यायची पद्धत नव्हती. मी दोन वाक्यं सांगितली असतील, आईनं ताट मागं घेतलं.

"त्याचं नाव नोतं तुले मालूम?"

"सगळे टाकीवालाच म्हणतात ना."

"सात महिने?"

"जामीन द्यायला कोणी नव्हतं म्हणे."

तिनं चांगल्या हातानं मोडक्या हाताचं मनगट धरलं. मग म्हणाली, "जा. ज्या घरात उभा होतो म्हणून सांगून आला, ते घर आधी पाहून ये. मंग जेव."

मी सायकल काढली. शहापूरला त्याचं घर विचारत विचारत सापडलं. ते रोडच्या बाजूला नव्हतंच, चांगलं आत, तळ्याकडच्या अंगाला होतं. दार पूर्वेकडं. दारात त्याची बायको सुपात तांदूळ निवडत होती. माझे स्वच्छ कपडे पाहून तिनं पदर सावरला.

"कोनाकडचे जी?"

"भंडाऱ्याहून आलो. कापडाचं दुकान आहे."

"लुगडं नाई घ्याचं बा आमाले."

"विकायला नाही आलो. मी तो पंच."

ती सुपाकडं पाहत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मनातल्या मनात मी त्याची तयारीही केली. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि दारातून सरकली. "मंग पाहून घ्या. तवा पाह्याचं राह्यलं ना."

मी पाहिलं. एक खोली, एक चूल, दोरीवर दोन गोधड्या, कोपऱ्यात एक पाटा. मागं गेलो. मागं चार पावलं जागा, एक तुळस आणि एक तुटका रांजण. तणस नव्हतं. मी इकडं तिकडं पाहिलं, जणू ते कुठं लपून बसलं असेल.

"तणस कुठं ठेवता?"

"तनस कायले जी? आमाले शेत नाई, ढोर नाई. कोनाले चारू?"

मी त्या मोकळ्या चार पावलांकडं पाहत उभा राहिलो. कापड विकणाऱ्याला हे सुचलं नाही, हे मान्य. पण धानाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला, ज्याच्याकडं बैल नाही त्याच्याकडं तणस कुठून येईल, एवढं तरी कळायला हवं होतं. जमादारालाही कळायला हवं होतं. तो सवयीनं लिहीत गेला, मी सवयीनं सही करत गेलो, आणि हा माणूस त्या सवयीखाली सात महिने दबला.

कोर्टानं नेमलेला वकील माझ्याच वयाचा होता. काळा कोट दुसऱ्या कोणाचा असावा, कारण तो सारखा खांद्यावरून घसरायचा. मी त्याला गाठून तणसाची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "तुम्ही साक्षीदार फार वाईट आहात, पण माणूस कामाचे आहात." पुढच्या तारखेला जमादार पिंजऱ्यात आला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो.

"आरोपीला शेत किती आहे?"

"माहीत नाही."

"बैलजोडी?"

"दिसली नाही."

"गाय? म्हैस? शेळी?"

"नाही."

"मग तणस कशासाठी ठेवलं होतं?"

जमादारानं टोपी काढली, पुन्हा घातली. "असते साहेब. सगळ्यांच्याच घरी असते."

हे वाक्य टाइप झालं. साहेबांनी चष्मा काढून जमादाराकडं पाहिलं, आणि मला त्याची दया आली. वाईट माणूस नव्हता तो. नंतर तो दुकानात आला तेव्हा मला म्हणाला, "भाऊ, तुमी मले डुबवलं." मी म्हणालो, आपण दोघं मिळून तिसऱ्यालाच बुडवत होतो. तो बसला, चहा घेतला, आणि त्यानंतर मात्र रस्ता ओलांडून कधी आला नाही.

आता हंडा टाकीवाल्यानं नेला होता की नव्हता, हे मला माहीत नाही. आईला माहीत आहे. तिच्या मते तो असल्या वाटेला जाणारच नाही. माझी मजल, मी काय पाहिलं नाही ते सांगण्यापर्यंतच होती. पण तेवढंही कोणीतरी कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि ते ऐकून घेणारा कोणीतरी असावा लागतो, हे मी वकील न होता शिकलो.

निकाल आषाढात लागला. साहेबांनी वाचलं: संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे. बेडी निघाली. सुटकेचा कागद तयार होईपर्यंत तो व्हरांड्यात बसला, या वेळी बाकावर. बसण्याआधी त्यानं शिपायाकडं पाहून घेतलं. मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. 

"भाऊ," तो म्हणाला, "संशयाचा फायदा म्हंजे? संशय तं हायच ना मंग अजून?"

"तुमच्यावर नाही." त्याला मी पहिल्यांदाच अहो-जाहो करत होतो. त्याचं त्याला अवघडल्यासारखं झालं आणि मलाही.

"मंग कोनावर हाय?"

"माझ्यावर. माझ्या साक्षीवर, जमादाराच्या कागदावर. आमच्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तुम्हाला सोडलं."

त्यानं हे नीट ऐकलं. बसची वेळ विचारावी इतक्या साधेपणानं मग तो म्हणाला, "संशय तुमच्यावर, तं मी आठ महिने आत. मंग तुमी कसे सुटले?"

गावभर माझ्या हजरजबाबीपणाची तारीफ होते. मी त्या बाकाच्या कडेवरचा पोपडा नखानं उकरत राहिलो. शेवटी म्हणालो, "चांगल्या घरचा दिसलो म्हणून."

"हव," तो म्हणाला. त्याला हे नवीन नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दगड ठोकून ठोकून हाताला घट्टे पडलेले, ते आता मऊ पडत चालले होते. "बरं झालं जी. तुमी बी आत असते, तं मायच्याजवळ कोन राह्यलं असतं? हात तसा."

मला वाटलं, यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याच्या बायकोनं तरी द्यायला हव्या होत्या. मी त्यांची अशी वाट पाहत होतो, जशी उधळलेल्या पोरानं कान धरला जाण्याची वाट पाहावी. पण त्या घरातलं कोणी मला एवढंही द्यायला तयार नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको आली. तिनं त्याचा धुतलेला सदरा आणला होता, त्याला पकडून नेलं त्याच्या आधीचा. त्यानं तो तिथंच घातला. कापडाच्या धंद्यात माप डोळ्यांनीच कळतं. खांद्याला दोन बोटं सैल, छातीला चार, आणि गळा तर असा उघडा पडला की आतली हाडं दिसली. तो मात्र बाह्या दुमडत बायकोला विचारत होता, पोलिसांनी त्या दिवशी झोळीसकट उचलून नेलेली टाकी आणि हातोडा वापस दिला का.

"नाई देल्ला. मुद्देमाल हाय म्हनते. मले तं ठान्यात पायच ठेवू देत नाई."

"तं मंग उद्यापासून कायनं ठोकू?"

मी उठलो. ठाणं आमच्या दुकानासमोरच, आणि तिथं मला अजून तरी कोणी दारात अडवत नव्हतं. "चला," मी म्हणालो. आम्ही तिघंही व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो. तो सवयीनं माझ्या मागून चालायला लागला. मी थांबलो, तर तोही थांबला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याची बायको वैतागून म्हणाली, "अवो, चाला ना सोबत, का दिवसभर इथंच उभे राह्यता?" आणि मग तो माझ्या बरोबरीनं चालायला लागला.